विझवलेली शेगडी

मी तापट आहे. आमच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही. पण इथे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते माझ्या या स्वभावापायी घडलं, आणि त्यात एका पोरीचा जीव जायचा तो थोडक्यात राहिला.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. गिरगावातल्या चाळीत वाढलेली, नर्सिंगचा कोर्स पास झालेली आणि नायगावच्या एका लहानशा प्रसूतिगृहात नुकतीच लागलेली. मागच्या अंगाला नर्सेसच्या खोल्या होत्या, तिथेच राहायचे. एक आठवडा वॉर्डात काम आणि एक आठवडा व्हिजिट. व्हिजिट म्हणजे घरी गेलेल्या बाळंतिणींना दहाव्या दिवसापर्यंत जाऊन बघायचं. ताप घ्यायचा, पोट दाबून पाहायचं, बाळाची नाळ पाहायची, वजन करायचं आणि सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं. लालबाग आणि शिवडीकडच्या चाळी माझ्या वाट्याला होत्या. पांढरी इस्त्रीची साडी नेसून काळी बॅग घेऊन मी जिना चढायला लागले की मुलं ओरडत पुढे पळायची, "नर्सबाई आली, नर्सबाई आली!" मला ते फार आवडायचं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. भिंतींवर चुन्याने लिहिलेल्या घोषणा, आज सभा, उद्या मोर्चा, परवा बंद. वॉर्डात एक बाई कळा सोसता सोसता मला विचारत होती, "मोर्चा नाक्यावरून पुढे गेला का हो?" तिचा नवरा त्यात होता. मी म्हटलं, "आधी तुझं पोर बाहेर येऊ दे, मग मोर्च्याचं बघू." ती कळ विसरून हसली. अशी माणसं होती. त्यांच्यावर माझा जीव होता, पण तो दाखवायची माझी पद्धत म्हणजे त्यांना झापणं.

आणि सगळ्यात जास्त मी झापायचे ते शेगडीवरून. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळंतिणीला वारा लागू नये, अंगातली बाळंतवाऱ्याची कळ शेकून निघावी म्हणून तिच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायचे. वर ओवा आणि बाळंतशेपा टाकायचे. दार लोटलेलं, खिडकी बंद, बाईच्या कानात कापूस, डोक्याला फडकं, पोटावर जुन्या लुगड्याचा घट्ट पट्टा आणि अंगावर घोंगडी. दहा बाय बाराच्या खोलीत त्या धुराने माझे डोळे चुरचुरायचे, मग तान्ह्या बाळाचं काय होत असेल? त्यात पुन्हा बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, पोट सुटतं म्हणून. मी खोलीत शिरले की पहिली खिडकी उघडायचे, दुसरी शेगडी बाहेर आणि तिसरं माझं भाषण. सासवा माझ्यापुढे चळचळा कापायच्या. मला वाटायचं, हा मान आहे.

लालबागच्या एका चाळीत मात्र एक बाई मला घाबरायची नाही. ती बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊमाखू घालायची. साठीच्या आसपासची, विधवा, काष्ट्याचं लुगडं, तोंडात तंबाखू. सगळी चाळ तिला काकी म्हणायची, म्हणून मीही काकीच म्हणेन. मूळची मालवणकडची. वीस वर्षं गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, म्हणजे फिरत्या सुतात तुटलेला धागा बोटांनी शोधून गाठ मारायची. नजर अधू झाल्यावर गिरणी सुटली आणि तिने हे काम धरलं. मी भाषण देत असताना ती बाळाला पायांवर घेऊन बसलेली असायची, माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, आणि माझं बोलणं संपलं की म्हणायची, "झाला? आता पानी घालू?"

मला तिचा राग यायचा. अंगठाछाप बाई, नखांत तेल आणि हळद, आणि आमचा तीन वर्षांचा कोर्स हिच्या लेखी काहीच नाही.

त्या चाळीत माझी एक बाळंतीण होती. वीस वर्षांची असेल नसेल. नवरा गिरणीत मागावर होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण हिची आई गेलेली, म्हणून मुंबईतच ठेवली. आमच्याकडेच बाळंत झाली. पहिलटकरीण, दोन दिवस कळा देऊन थकलेली. मुलगी झाली. त्या सकाळी लागोपाठ चार बाया मोकळ्या झाल्या आणि ड्यूटीवर मी होते. बाळामागून जी वार पडते ती तबकात पसरून पुरी आहे का हे बघावं लागतं. तिची वार मी पाहिली, पुरी आहे असं लिहिलं, सही केली आणि पुढच्या खाटेकडे धावले. खाटा कमी होत्या, तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं.

पाचव्या दिवशी मी व्हिजिटला गेले. घरात संध्याकाळच्या पाचवीची तयारी चालली होती. पाटावर मांडायचं सामान एका कोपऱ्यात, सासूची लगबग, शेजारणी आत-बाहेर. बाजेखाली शेगडी फुललेली होती. पोरगी घोंगडीखाली लालबुंद होऊन पडली होती. सासूने तिला नुकताच गरम काढा पाजला होता. मी थर्मामीटर तोंडात दिला. एकशे एकच्या वर गेला.

मी तडकले. "एवढी आग खाली लावल्यावर अंग तापेल नाही तर काय होईल? भाजून काढताय का तिला?" पाण्याचा तांब्या घेतला आणि शेगडीवर उपडा केला. फस्‌कन वाफ उठली, राख उडाली, बाळ रडायला लागलं. खिडकी उघडली. घोंगडी ओढून काढली. सासू भिंतीला टेकून उभी राहिली.

काकी मोरीजवळ तेल गरम करत होती. ती उठून आली. पहिल्यांदाच ती आपणहून माझ्याशी बोलली.

"नर्सबाय, वायच थांबा. हिचा पोट खाली बसणा नाय."

"म्हणजे?"

"आज पाचवो दीस. रोज बोटभर खाली जावक होया. हिचा बेंबयेकडेच आसा. माझ्या हाताक लागता."

हे मला कोर्समध्ये शिकवलेलं होतं, अगदी याच मापाने. गर्भाशय रोज बोटभर खाली उतरतं. मला फक्त पट्टा सोडून हात लावायचा होता, दोन मिनिटांचं काम. पण तिने ते मला सांगावं हे मला सोसलं नाही.

"पोट बसत नाही ते तुम्ही चोळून चोळून त्याची वाट लावली म्हणून," मी म्हटलं. "उद्यापासून हिच्या अंगाला हात लावायचा नाही. लावलात तर मी वरपर्यंत तक्रार करीन." आणि सासूकडे वळून म्हटलं, "ही बाई पुन्हा या खोलीत दिसता कामा नये. शेगडी नाही, मालीश नाही, काही नाही. समजलं?"

सासूने मान हलवली. तेलाची वाटी काकीने स्टोव्हवरून उतरवली, पदराला हात पुसले आणि बाहेर गेली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'शेकामुळे अंग गरम. समज दिली.' पट्टा सोडला नाही. पोटाला हात लावला नाही. पुढे अजून तीन घरं होती आणि मला माझा राग मिरवत तिथपर्यंत जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बंद होता. ट्राम नाही, बस नाही, दुकानं बंद. आम्हाला सांगितलं होतं, आज व्हिजिटला कुणी बाहेर पडू नका. सकाळी नऊच्या सुमाराला मी खोलीत केस विंचरत होते, तोच आयाने हाक मारली, "सिस्टर, खाली एक म्हातारी आलीय. हलतच नाही."

खाली काकी उभी होती. लालबागहून चालत आली होती. पायांत वहाणा नव्हत्या. मला पाहून ती ना हात जोडून बोलली, ना रागावून. जसं काही हिशोब सांगावा तसं सांगत गेली.

"तुमी शेगडी काल दुपारी विझवल्यात. त्याच्यानंतर ती लावूक नाय. रातभर खिडकी उघडी. घोंगडी नाय, काढो नाय. मी हात लावूक नाय, तुमी नको म्हटल्यात. आणि पोरगी अजून तापता. कालच्यापरास जास्त." ती थांबली आणि मग म्हणाली, "मगे ह्यो ताप खयसून इलो?"

हातातली फणी तशीच हातात. काल मी ज्याला शेकाचा ताप म्हणून लिहून आले, त्यातला शेक या बाईने माझ्याच हुकुमाने काढून टाकला होता, आणि ताप उरला होता. याहून स्वच्छ परीक्षा आमच्या कुठल्या डॉक्टरने केली नसती. मला एकदम ते तबक आठवलं, ती वार आठवली, आणि चार बाळंतपणांच्या घाईत मी ती किती नीट पाहिली होती हे माझं मला कळलं.

मी बॅग घेतली आणि तशीच निघाले. रस्त्यात मी जवळजवळ धावत होते आणि काकी अनवाणी माझ्या बरोबरीने येत होती. मी मनात एकच म्हणत होते, देवा, ती पोरगी राहू दे.

खोलीत खिडकी उघडी होती, शेगडीत कालची ओली राख तशीच होती. माझ्या हुकुमाचं इतकं तंतोतंत पालन त्या घराने केलं होतं. पोरगी बरळत होती. थर्मामीटर एकशे चारच्या वर. मी पट्टा सोडला आणि मला वास आला. ज्या नर्सने तो वास एकदा घेतला तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. पोट बेंबीपाशीच होतं, हात लावला तशी ती किंचाळली. आत काहीतरी राहिलं होतं आणि ते सडायला लागलं होतं.

परळचं मोठं इस्पितळ दीड मैलावर. निघताना मी आयाला अँब्युलन्ससाठी फोन करायला लावलं होतं. अँब्युलन्सवाल्यांचा निरोप तिने एका पोऱ्याबरोबर मागोमाग पाठवला, रस्त्यात दगड टाकलेत, जमेल तेव्हा येऊ. तिला जमेल तेव्हा चालणार नव्हतं. मी गॅलरीत जाऊन ओरडले, "बाज उचलायला माणसं हवीत!" बंदमुळे सगळे पुरुष चाळीतच होते. तिचा नवरा आणि आणखी तिघे धावत आले. चौघांनी चार खूर धरले आणि बाज खांद्याला लावायला गेले.

तशी सासू दारात आडवी आली. "चवघांनी नको रे! खांद्यार घेव नकात!"

मी वेड्यासारखी तिच्याकडे बघतच राहिले. पोरगी मरायला टेकलीय आणि हिला काय सुचतंय! मी तोंड उघडणार एवढ्यात काकीने माझ्या दंडाला धरलं. "तिचा बरोबर आसा," ती हळूच म्हणाली. मग मला दिसलं. पांढरी चादर, वर निजवलेली बाई, चौघांचे खांदे. जिन्यावरून तशी उतरली असती तर सगळ्या चाळीने हात जोडले असते, आणि त्या पोरीने डोळे उघडून ते पाहिलं असतं.

"पाचवो कोणतरी हात लावा," काकीने हुकूम सोडला. "खांद्यार नको, हातात धरा. डोक्या पुढे करा." आणि पाचवा कुणी पुढे येण्याआधी तिने स्वतःच बाजेची मधली पाटी धरली. सासूने सुनेच्या कानात कापूस घातला, डोक्याला फडकं गुंडाळलं, उन्हावाऱ्यात बाळंतीण निघाली म्हणून डोळे पुसले. बाळ शेजारणीने घेतलं. तिचं स्वतःचं चार महिन्यांचं अंगावर पीत होतं, तिने आपणहून सांगितलं, "जा तुम्ही. हिची सोय मी बघते."

हातात लोंबती बाज दीड मैल न्यायची म्हणजे काय हे ज्याने नेली त्यालाच ठाऊक. पन्नास पावलांवर हात भरून येत होते. थांबायचं, माणसं बदलायची, पुन्हा उचलायची. पुढे रस्ता भरून मोर्चा येत होता, "झालाच पाहिजे, झालाच पाहिजे" करत. मी पुढे होऊन ओरडले, पण माझा आवाज कुठे पोचणार? मग काकीने बाजेची पाटी न सोडता एक हाळी दिली, "बाळंतीण आसा रे! वाट सोडा!" घोषणा पुढून मागे विझत गेल्या. रस्ता मधोमध मोकळा झाला. कुणी विचारलं नाही कुणाची, कुठली. बाज एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली आणि परळपर्यंत माणसं कमी पडली नाहीत. एकच गोष्ट मी बघितली. प्रत्येक वेळी धरणारे चार झाले की काकी ओरडायची, "पाचवो!"

इस्पितळात तिला थेट आत नेलं. वारेचा एक तुकडा आत राहिला होता, सुपारीएवढा. तो काढला, रक्त चढवलं, पेनिसिलीन सुरू केलं. दीड-दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. माझ्या अंगावर नर्सची साडी पाहून माझ्याकडेच आल्या.

"वाचेल असं वाटतंय," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत ठेवलं असतं तर मी काही सांगितलं नसतं. पोट उतरत नाही हे घरच्या घरी कुणाच्या लक्षात आलं?"

माझ्यामागे व्हरांड्याच्या बाकावर काकी पाठमोरी बसली होती, पाय वर घेऊन. तळव्याला चालून चालून फोड आले होते. मला फक्त मागे बोट दाखवायचं होतं.

"माझीच व्हिजिट होती," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. व्हिजिट माझीच होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "शाबास, सिस्टर," म्हणाल्या आणि आत गेल्या. पुढे त्यांनी आमच्या प्रसूतिगृहाला तसं कौतुकाचं पत्रही लिहिलं. वार कुणी तपासली होती हे त्या पत्राच्या आनंदात कुणी विचारलं नाही. ते पत्र मी कधी घरी दाखवलं नाही, इतपत लाज मला होती. पण खरं सांगावं इतकी नव्हती.

पोरगी वाचली. तीन आठवड्यांनी घरी आली तेव्हा तिला ओळखणं कठीण होतं. हातांच्या काड्या, डोळे खोल, विंचरायला गेलं की केसांचे पुंजके हातात. उभी राहिली की गुडघे लटपटायचे. दूध आटलं होतं. मी तिला बघायला गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोर शेजारणीच्या मांडीवर पीत होतं आणि ही ते ऐकत होती. मूल जगलं, आपण जगलो, तरी आपलं काहीतरी दुसरीकडे गेलं असं तिला वाटत असावं. मी तिच्या पायथ्याशी बसले आणि मला रडू आलं. बाळंतिणीसमोर नर्सने रडू नये असं आम्हाला शिकवलं होतं.

सासूला विचारलं, "काकी येते ना मालीश करायला?"

"खयची? तुमी नको म्हटल्यात मा."

मी उठून गॅलरीच्या टोकाला काकीच्या खोलीशी गेले. ती तांदूळ निवडत होती.

"चला," मी म्हटलं.

"तुमी बंद केल्यात," ती मान वर न करता म्हणाली. "तुमीच सुरू करूक होया. त्या घरात, सगळ्यांसमोर."

तिचं बरोबर होतं. मी तिला घेऊन आले आणि सासू, शेजारणी, नवरा, सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आजपासून हिचं सगळं काकी बघतील. त्या सांगतील तसं करा." माझे कान गरम झाले होते. काकीने "झाला?" असं विचारलं नाही, एवढी दया तिने दाखवली.

मग आमच्या दोघींचा एक करार झाला, तोही न बोलता. खिडकी उघडी राहिली. पाणी उकळून, ओवा घालून, पण पोटभर द्यायचं ठरलं. शेगडी आली, पण बाजेखाली नाही, दाराजवळ, तीही फक्त न्हाणं झाल्यावर थोडा वेळ. काकी खोबरेल कोमट करून तिच्या पिंढऱ्या, मांड्या, कंबर चोळायची, खालून वर, इतक्या हळू की पोरीला झोप लागायची. कधी कधी माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवायची आणि वर आपला हात. "हय बघ. ह्या कसा कठीण लागता? लिंबासारख्या? बरा." तीन वर्षांच्या कोर्समध्ये जे बोटांना कळलं नव्हतं ते तिच्या हाताखाली मला कळलं. ती मला तू कधी म्हणायला लागली ते आम्हा दोघींनाही समजलं नाही.

अहळिवाची खीर, कुळथाची पिठी, लसणीची चटणी, सकाळी मऊ भाताची पेज. कोकणातून नारळ आले. दर दोन तासांनी पोर तिच्याच अंगावर लावायचं, येवो न येवो. काकी त्या बाबतीत फार कडक. पंधरा दिवसांनी दूध पुन्हा यायला लागलं, पुरतं नाही, पण आलं. त्या दिवशी ती पोरगी पहिल्यांदा माझ्याशी भांडली. मी पोराचं वजन करायला उचललं तर म्हणाली, "आता नको हां, पितेय ती." मला इतका आनंद झाला की मी तिला उलटून बोललेसुद्धा नाही. दोन-अडीच महिन्यांनी मी दुसऱ्या कुणाच्या व्हिजिटला गेले तर ती नळावर रांगेत उभी, कमरेवर कळशी. मी तिथूनच ओरडले, "ठेव ती खाली!" ती हसली आणि रांगेत पुढे सरकली.

माझं मात्र आत खुपत होतं. काकी रोज भेटायची, आणि रोज मला वाटायचं, आज सांगावं. काय सांगणार? तुझं श्रेय मी घेतलं? तिला श्रेय म्हणजे काय ते माहीत होतं का, असं मी स्वतःला समजवायचे. ती पाठमोरी होती. डॉक्टरीणबाई अर्ध्या इंग्रजीत बोलत होत्या. तिला ठाऊकच नाही तर सांगून उगाच दुखवायचं कशाला? माणूस स्वतःची समजूत फार छान काढतो.

मग माझं लग्न झालं, दादरला घर झालं. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी मला पहिला मुलगा झाला. बाळंतपणाला गिरगावात माहेरी होते. आईचे हात संधिवाताने वाकडे झालेले, तिच्याने मालीश होईना. ती म्हणाली, आपल्या गल्लीत एक बाई आहे. मी म्हटलं, नको, मला लालबागची हवी. निरोप पाठवला. काकी दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रामने हजर. आता जास्त वाकली होती, तंबाखू तशीच.

चौथ्या दिवशी मला अंगात कणकण वाटली. छातीत दूध दाटलं होतं म्हणून असेल, पण बाळंतीण झाल्यावर नर्स नर्स राहत नाही. मला ती लालबागची खोली आठवायला लागली, तो वास आठवायला लागला. "काकी, ताप आहे का गं मला?" मी विचारलं.

तिने लगेच कपाळाला हात लावला नाही. आधी आईने दाराजवळ ठेवलेली शेगडी उचलून गॅलरीत नेली. पांघरूण काढलं. खिडकी उघडली. मग माझ्या उशाशी पाट घेऊन बसली. मुलाला पायांवर घेऊन डोलवत राहिली. बऱ्याच वेळाने तिने मूल खाली ठेवलं, हात पुसला आणि माझ्या कपाळावर ठेवला. मग पोटावर. दाबून पाहिलं.

"काय नाय. शेगडीचोच होतो."

लालबागच्या त्या पोरीच्या तापापासून ती प्रत्येक बाळंतिणीकडे असंच करायची हे मला नंतर कळलं. आधी शेगडी बाहेर, मग थांबायचं, मग हात. तिने ते त्या एका दिवसात शिकून घेतलं होतं. मी त्या दिवसात काय शिकले होते?

ती माझे पाय चोळायला लागली. मी डोळे मिटून घेतले, कारण उघड्या डोळ्यांनी मला बोलता आलं नसतं.

"काकी, त्या दिवशी इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, कुणाच्या लक्षात आलं म्हणून. मी तुझं सांगितलं नाही. मी माझं सांगितलं."

तिचा हात थांबला नाही. पिंढरीवरून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यावरून मांडीपर्यंत, त्याच संथ जोराने वर येत राहिला.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "बाक दाराकडेच होता. मी आयकलंय."

चार वर्षं. चार वर्षं तिला ठाऊक होतं. माझा हात आपल्या हाताखाली धरून ती मला शिकवत होती तेव्हा ठाऊक होतं, आणि माझा निरोप मिळताच ट्रामने आली तेव्हाही. मला हुंदका आवरेना.

"रडू नको गे. दूध आटात," काकी म्हणाली. तिने वाटीतलं तेल हातावर घेतलं. "कुशयेर हो आता. पाठ चोळूची रवली."